विहिरीतील गोटा, पोत्यातील दाणे आणि न दिसणारा प्रकाश

गेल्या उन्हाळ्यात सेलू तालुक्यातील एक वयस्क शेतकरी आमच्या कार्यालयात आले. त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक होती कागदाची पुडी. तीत मातकट रंगाचे बारीक दाणे होते. दुसरी वस्तू म्हणजे मुठीएवढा काळा दगड. त्याच्या पोटात जागोजागी पोकळ्या असून त्या पांढऱ्या, किंचित गुलाबी झाक असलेल्या स्फटिकांनी भरलेल्या होत्या. विहिरीचे खोदकाम चालू असताना सुरुंगाने फुटलेल्या थरातून तो निघाला होता.

काकाजी म्हणाले, “सायेब, हा गोटा माह्या हिरीतला हाय. दुकानदार म्हन्ते, पोत्यात जे दाने हायेत ते याचेच हायेत, अन् यानं जमीन सुधरते. मंग माह्या हिरीतच हाय त मी पोतं कायले इकत घेऊ?”

पोत्यावर ‘झिओलाइट’ असे छापलेले होते. एकरी एक पोते टाकावे असा सल्ला त्यांना मिळाला होता, आणि एका पोत्याच्या पैशात त्यांच्या गावी दोन बैलगाड्या शेणखत सहज आले असते. प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी त्यांना पुरते उत्तर देऊ शकलो नाही. ते देण्याकरिता मला बरेच जुने-नवे वाचन करावे लागले, आणि दगड, दाणे व त्यांच्या शेतातील माती ही तिन्ही एका प्रयोगशाळेत पाठवावी लागली. त्यातून जे कळले ते ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या व शेतकरी बांधवांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

उकळणारा दगड

दगडाची पहिली परीक्षा आम्ही सोनाराच्या दुकानात केली. पांढऱ्या स्फटिकाचा एक लहान कपचा कोळशावर ठेवून त्यावर फुंकणीची ज्योत सोडण्यास सांगितले. कपचा प्रथम फुलला, त्याचे पापुद्रे सुटले, आणि मग फेस यावा तसा वितळून त्याचा पांढरा, फुगीर थेंब झाला. ही परीक्षा आमची नव्हे. १७५६ साली स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी अशाच फुंकणीने अशाच दगडाची परीक्षा केली होती, आणि तो उकळल्यासारखा दिसला म्हणून ग्रीक भाषेतील शब्द जोडून त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. तेच झिओलाइट.

दगड उकळतो याचा अर्थ त्यात पाणी आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा थिजलेला थर आहे. लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे थिजताना जागीच राहिले, आणि पुढे त्या पोकळ्यांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने त्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढविले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व प्राणवायू यांच्या अणूंची ती एक जाळीदार इमारत आहे. तिच्या खोल्या व बोळ इतके अरुंद असतात की एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यांतील तीन ते आठ भाग भरतील एवढीच त्यांची रुंदी. पाण्याचा रेणू त्यांतून ये-जा करू शकतो. भिंतींवर ऋण विद्युत्भार असल्याने कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, अमोनियम असे धनभारित कण, म्हणजे आयन, तेथे धरून ठेवले जातात व प्रसंगी बदललेही जातात. झिओलाइटची सारी कीर्ती या अदलाबदलीवर व या बोळांवर उभी आहे.

आता काळ्या मातीकडे वळू. हाच पाषाण झिजून जी माती झाली, तीत चिकणखनिजाचा एक गट प्रामुख्याने आढळतो. त्यास स्मेक्टाइट म्हणतात, आणि त्यातील सर्वांत प्रसिद्ध खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. हे नाव फ्रान्समधील माँटमोरिलाँ या गावावरून १८४७ साली पडले, परंतु हिंगणघाटच्या काळ्या कन्हार जमिनीत त्याच्या भावंडांचा जेवढा साठा आहे तेवढा त्या गावाने पाहिलाही नसेल. त्याची रचना पुरणपोळीसारखी आहे. वर-खाली सिलिकाचे दोन पदर, आणि मध्ये पुरणाच्या जागी ॲल्युमिनियमचा थर, ज्यात थोडे मॅग्नेशियम व लोह मिसळलेले असते. अशा पोळ्यांची चळत रचलेली असते, आणि दोन पोळ्यांच्या मध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की चळत फुगते, निघून गेले की आकसते. वैशाखात आपल्या शेतांना ज्या भेगा पडतात, ज्यांत बैलाचा पाय अडकतो, त्या या चळतीच्या आकसण्याने पडतात. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एक ग्रॅम वजनाचे सारे पृष्ठभाग उलगडून पसरले तर सुमारे ७५० चौरस मीटर भरतात. म्हणजे एका तोळ्यात दोन एकरांहून थोडे अधिक.

केओलिन हे दुसरे एक चिकणखनिज पुष्कळांच्या परिचयाचे आहे, कारण टंचाईच्या काळात बाष्परोधक म्हणून त्याची फवारणी करावयास सांगितले जाते. त्यात सिलिकाचा एकच पदर असतो. पोळीची एक बाजू काढून टाकावी आणि पुरण उघडे राहावे, तशी त्याची अवस्था असते.

हायड्रॉक्सिल म्हणजे काय

पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यातील एक हायड्रोजन निघून गेला व उरलेली प्राणवायू-हायड्रोजनची जोडी एखाद्या खनिजाच्या सिलिकॉनला किंवा ॲल्युमिनियमला घट्ट चिकटली की तिला हायड्रॉक्सिल गट म्हणतात. ते पाणी नव्हे. उन्हात वाळवून ते जात नाही. चिकणखनिजातून ते घालविण्यास भट्टीची उष्णता लागते, आणि कुंभाराचा घडा एकदा भाजल्यावर पुन्हा चिखल होत नाही यामागेही चिकणमातीतील हायड्रॉक्सिल भट्टीत निघून जाणे हेच मुख्य कारण आहे.

या जोड्या कोठे बसल्या आहेत यावर खनिजाचा स्वभाव पुष्कळसा अवलंबून असतो. माँटमोरिलोनाइटमध्ये त्या पुरणात, म्हणजे आतल्या ॲल्युमिनियमच्या थरात असतात. केओलिनमध्ये काही आत, तर बऱ्याचशा उघड्या बाजूवर. विहिरीतील नैसर्गिक झिओलाइटच्या जाळीत मात्र, कॅल्शियम-सोडियमने जागा भरलेल्या असताना, पाणी भरपूर असले तरी हायड्रॉक्सिल जवळजवळ नसतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. काकाजींच्या प्रश्नाचा निकाल पुढे हिच्यावरच लागला.

परंतु ज्या जोडीची लांबी सेंटिमीटरच्या दहा कोटी भागांपैकी एका भागाहून जास्त नाही, ती कोठे बसली आहे हे पाहावयाचे कसे?

इंग्लंडमध्ये राहणारे जर्मन वंशाचे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० साली काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत वर चढला. हाच अवरक्त प्रकाश. चुलीजवळ बसल्यावर अंगाला जी ऊब लागते तीत त्याचाच मोठा वाटा असतो.

या प्रकाशाचा गुण असा की रेणूतील अणूंच्या जोड्या ज्या गतीने थरथरतात त्याच गतीच्या लाटा त्या शोषून घेतात. प्राणवायू व हायड्रोजन यांची जोडी म्हणजे एका स्प्रिंगच्या दोन टोकांना बांधलेला जड व हलका गोळा. ती सेकंदास सुमारे कोटीच्या कोटी वेळा थरथरते. अंधाऱ्या गोठ्यात शिरल्यावर कोणता बैल कोठे उभा आहे हे जसे आपण गळ्यातील घाटीच्या आवाजावरून ओळखतो, तसे शास्त्रज्ञ अवरक्त प्रकाशातील कोणत्या लाटा नाहीशा झाल्या हे पाहून कोणती जोडी कोठे बसली आहे ते ओळखतात. मोजण्याची रीत अशी: एका सेंटिमीटर लांबीत किती लाटा मावतात तो आकडा घ्यावयाचा. एकट्या, मोकळ्या सिलिकॉनवरील हायड्रॉक्सिलचा आकडा ३,७४५ च्या आसपास येतो. दोन ॲल्युमिनियमच्या मध्ये बसलेल्याचा ३,६२० ते ३,६३० येतो. केओलिनच्या उघड्या बाजूवरील जोड्या ३,६९५ ला जोराने बोलतात. साध्या पाण्याचा आवाज ३,४०० च्या आसपास रुंद, पसरट असा येतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्याने त्यांच्या घाटीत जणू कडबा कोंबलेला असतो. याशिवाय खाली, ९१५ ला ॲल्युमिनियमवरील हायड्रॉक्सिलचे डोलणे दिसते. शेजारी लोह असल्यास ते ८८० ला व मॅग्नेशियम असल्यास ८४५ ला सरकते. पुरणात काय काय मिसळले आहे हे एवढ्यावरून कळते.

अमेरिकेतील विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ पासून पुढील काही वर्षांत अनेक खनिजांचे असे वर्णपट घेतले, आणि खनिजात जखडलेले हायड्रॉक्सिल व नुसते सामावलेले पाणी हे प्रकाशावरून वेगळे ओळखता येतात हे दाखवून दिले.

याहूनही चतुर एक युक्ती आहे. साध्या हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा जड हायड्रोजन बसविला की थरथरण्याची गती मंदावते आणि ३,७४५ चा आकडा सुमारे २,७६० वर येतो. खनिजावर जड पाण्याची वाफ सोडावी आणि पाहावे: ज्या जोड्यांचा आकडा लगेच बदलला त्या पृष्ठभागावर उघड्या आहेत, ज्यांचा बदलला नाही त्या आत दडलेल्या आहेत. जड पाणी आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील थळ येथे १९८७ पासून तयार होते. तेथील खत कारखान्यात अमोनिया बनविण्याकरिता जो वायू लागतो, त्यातूनच जड हायड्रोजन वेगळा काढला जातो. युरियाची गोणी आणि अणुभट्टीचे जड पाणी यांची घरे अशी शेजारी-शेजारी आहेत.

ही पद्धती कागदावर सोपी दिसते, हाताने करताना नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मला अशी तपासणी जवळून पाहण्याची संधी मिळाली होती. मातीचे एक-दोन मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडच्या पांढऱ्या मिठात घोटून, दाबयंत्राखाली तिची काचेसारखी पारदर्शक चकती करतात व तीतून प्रकाश सोडतात. माझी चकती प्रत्येक वेळी दुधाळ होई, आणि आलेखावर पाण्याचा मोठा डोंगर उभा राही. मी तो मातीचाच गुण समजून वहीत मोठ्या उत्साहाने नोंदविला. दिवस श्रावणाचे होते. मीठ हवेतील दमटपणा पिऊन बसले होते, आणि मी मातीचे नव्हे, पावसाचे मोजमाप केले होते. गुरुजींनी काही न बोलता मिठाची बाटली भट्टीत ठेवून दिली.

कारखान्यातील माती

सच्छिद्र खनिजांवरील हायड्रॉक्सिलचा एवढा कसून शोध का घेतला गेला, याचे कारण शेतीत नाही. ते खनिज तेलाच्या कारखान्यांत आहे. उत्प्रेरक म्हणजे असा पदार्थ की जो दुसऱ्या पदार्थांतील रासायनिक क्रिया घडवून आणतो, परंतु स्वतः खर्ची पडत नाही. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ जसा दहा लग्ने लावून अकराव्यासाठी तसाच मोकळा राहतो, तसे हे आहे. १९३० नंतरच्या दशकात फ्रेंच अभियंते यूजीन हूद्री यांनी अमेरिकेत जड तेलाचे तुकडे करून पेट्रोल काढण्याचा कारखाना उभारला, त्यातील उत्प्रेरक होता आम्लाने धुतलेली माँटमोरिलोनाइट चिकणमाती. म्हणजे काळ्या मातीच्या भाऊबंदांपैकीच. १९६० नंतर तिची जागा कृत्रिम झिओलाइटने घेतली. आज मोटारसायकलीत पडणारे पेट्रोल व घरातील गॅसची टाकी यांचा बराच भाग अशा खनिजाच्या बोळांतून गेलेल्या तेलापासून येतो.

येथे हायड्रॉक्सिलचे काम काय? झिओलाइटला प्रथम अमोनियमच्या क्षाराच्या द्रावणात भिजवितात. जाळीतील सोडियम निघतो व अमोनियम बसतो. अमोनियम सल्फेट दिल्यावर शेतातील मातीच्या कणावर जे होते तेच हे. मग तो पदार्थ चारपाचशे अंशांपर्यंत तापविला की अमोनिया वायू उडून जातो आणि एक हायड्रोजन मागे राहतो. तो सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या मधल्या प्राणवायूला चिकटून हायड्रॉक्सिल बनतो, आणि हा हायड्रॉक्सिल तीव्र आम्ल असतो. तेलाचे तुकडे तोच करतो. १९६५ साली ऊटरहूव्हेन, क्रिस्टनर व हॉल या संशोधकांनी अशा झिओलाइटवरील हायड्रॉक्सिलचे अवरक्त वर्णपट काळजीपूर्वक घेतले. सुमारे ३,६५० व ३,५५० च्या आसपासच्या दोन जोड्या वेगळ्या दिसल्या, आणि त्यावर अमोनियासारखा अल्कधर्मी वायू सोडला असता कोणती जोडी त्याला आपला हायड्रोजन देते हेही पाहता येऊ लागले. डोळे मिटून केलेली उत्प्रेरकांची जुळवाजुळव त्यानंतर पुष्कळच डोळस झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, जिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, झिओलाइट उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केले आहे, आणि १९८० नंतरच्या दशकात तेथील उत्प्रेरक बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात वापरला गेला.

शेतातील मातीही उत्प्रेरक आहे

सामू मोजला तर आपल्या काळ्या मातीचा आकडा आठच्या आसपास येतो, म्हणजे ती विम्ल आहे. परंतु सामू आपण माती पाण्यात कालवून मोजतो. १९६८ साली मॉर्टलंड व भारतीय शास्त्रज्ञ के. व्ही. रामन यांनी माँटमोरिलोनाइट निरनिराळ्या प्रमाणात वाळवून तिच्यावर अमोनिया वायू सोडला व अवरक्त प्रकाशात पाहिले. अमोनियाला हायड्रोजन मिळून अमोनियम झाला की १,४३० ते १,४५० च्या दरम्यान त्याचा स्वतंत्र आकडा दिसतो. माती जितकी कोरडी, तितका तो आकडा ठळक निघाला. पोळ्यांच्या चळतीत पाणी अगदी थोडे उरले की कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे आयन त्या थोड्या पाण्याला इतके ओढतात की ते आपला हायड्रोजन सोडते. तेव्हा ओल्या अवस्थेत विम्ल दिसणारी चिकणमाती, कडक वाळल्यावर तिच्या कणांच्या पृष्ठभागावर आम्लासारखी वागू शकते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की कोरड्या जमिनीवर युरिया फेकला तरी अमोनिया वाया जाणार नाही. प्रयोगातील खनिज शुद्ध व निर्वात नळीत वाळविलेले होते. आपल्या शेतात चुनखडी आहे, दव आहे, आणि युरिया फुटण्यास थोडी ओल पुरते. वरवर टाकलेल्या युरियातील नत्र चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतून हवेत जातो हे शेतातील अनुभवाने सिद्ध आहे. युरिया ओल असताना, ओळीपासून थोडे दूर, मातीआड करूनच द्यावा.

दुसरा प्रसंग भुकटीच्या कीटकनाशकांचा. अशा भुकटीत औषध थोडे व चिकणमातीसारखे वाहक खनिज जास्त असते. औषध कारखान्यातून निघताना पुरेशा शक्तीचे असूनही काही महिन्यांत निष्प्रभ का होते, याचा उलगडा १९६० साली अमेरिकन संशोधकांनी केला. वाहक चिकणमातीच्या पृष्ठभागावरील आम्ल जागा औषधाच्या रेणूचे तुकडे करीत होत्या. माती तेथे उत्प्रेरकाचेच काम करीत होती, फक्त नको त्या ठिकाणी. उपायही त्यातूनच निघाला. आम्ल जागा अडवून धरणारा पदार्थ वाहकात आधी मिसळावयाचा. पुढे १९७० नंतरच्या दशकात इस्राएलमधील संशोधकांनी केओलिनवरील पॅराथिऑनचा अभ्यास केला, तेव्हा खनिजाला चिकटून राहील एवढी थोडीच ओल असताना विघटन वेगाने होते, व त्याहून जास्त पाणी झाले की ते मंदावते, असे आढळले. तेव्हा मागील हंगामातील अर्धवट उघडी, पत्र्याखाली तापलेली भुकटी या हंगामात वापरू नये. अंतिम तारीख पाहावी, पिशवीचे तोंड बंद असावे. औषध लागू पडले नाही की कीड फार माजली असे आपण म्हणतो, आणि पुष्कळ वेळा ते खरेही असते, पण पिशवीचा इतिहास विचारल्यावाचून तसे ठरवू नये.

पोत्याचा हिशेब

आता काकाजींच्या पोत्याकडे येऊ. प्रथम पोत्यात खरोखर झिओलाइटच आहे असे धरून चालू. एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ८ लाख किलो भरते. काळ्या कन्हार जमिनीची आयन धरून ठेवण्याची शक्ती दर १०० ग्रॅमला ५० मिलिसममूल्यांच्या आसपास धरावी. चांगल्या नैसर्गिक झिओलाइटची सढळ हाताने २०० धरावी, म्हणजे मातीच्या चौपट. पोते ५० किलोचे. गुणाकार केला तर पोत्याने एकराच्या एकूण शक्तीत चार हजारांत एक भाग एवढी भर पडते. शंभरात एक भाग वाढवावयाचा म्हटले तरी एकरी चाळीस पोती लागतील. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील बरड व खरडी जमिनींची शक्ती कमी असल्याने तेथे प्रमाण थोडे बरे येते, परंतु एका पोत्याने तेथेही हजारांत एक भाग पडत नाही. रोपवाटिकेतील पिशव्यांत, जेथे माती थोडी व खनिजाचे प्रमाण मोठे ठेवता येते, किंवा कोंबड्यांच्या गादीतील अमोनिया शोषण्याकरिता झिओलाइट उपयोगी पडते. एकरभर शेतात एक पोते हे गावतळ्यात मीठ टाकून पाणी खारे करण्यासारखे आहे.

झिओलाइटचा जमिनीला मुळीच उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. नागपूर येथे १९७६ पासून असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील डॉ. डी. के. पाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या पाषाणावरील जमिनींत मुळातच असलेल्या झिओलाइटचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि २००६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले की ज्या काळ्या जमिनींत कॅल्शियमयुक्त झिओलाइट आहे, त्या कोरड्या हवामानात सोडियमचा जोर वाढला तरी पाण्याचा निचरा बऱ्यापैकी टिकवून धरतात. झिओलाइट हळूहळू कॅल्शियम पुरवीत राहते. पूर्णा खोऱ्यातील चोपण जमिनींच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना याचे मोल सांगावयास नको. परंतु ते झिओलाइट निसर्गाने जमीन घडवितानाच पाषाणातून दिलेले आहे, सबंध थरात मुरलेले आहे.

राहिला प्रश्न पोत्यात काय आहे याचा. घरी करता येतील अशा तीन परीक्षा आम्ही केल्या. दाण्यांवर लिंबाचा रस टाकला. फसफसले नाही, म्हणजे नुसती चुनखडी नव्हती. मग दाणे काचेच्या पेल्यात पाण्यात टाकले. खरे झिओलाइट पाण्यात दगडासारखे तळाशी पडून राहते. हे दाणे मात्र दहा मिनिटांत फुगले, विरघळल्यासारखे झाले आणि तासाभरात पेल्याच्या बुडाशी बुळबुळीत चिखल जमला. तिसरी परीक्षा सोनाराच्या फुंकणीची. दाणे भाजून विटेसारखे कडक झाले, विहिरीतील स्फटिकाप्रमाणे फेसाळले नाहीत.

शंका बळावली, तरी शंकेवर दुकानदाराला दोष देणे योग्य नव्हे. म्हणून दाणे, विहिरीतील स्फटिक व काकाजींच्या शेतातील माती असे तीन नमुने अवरक्त तपासणीस पाठविले. तीन आलेख आले. स्फटिकाच्या आलेखावर पाणी ठळक होते, परंतु ९१५ ला काही नव्हते. दाण्यांच्या आलेखावर ३,६२० च्या शेजारी टोकदार शिखर होते आणि ९१५ लाही होते, म्हणजे ॲल्युमिनियमवर बसलेले हायड्रॉक्सिल स्पष्ट होते. झिओलाइटच्या जाळीत ते असावयास नको. तिसरा आलेख शेतातील मातीचा. त्यात लोहाचा ८८० चा आकडा अधिक ठळक होता व चुनखडीची खूण वेगळी होती, पण बाकीची शिखरे दाण्यांच्या आलेखाशी जुळत होती. पोत्यात बेन्टोनाइट होते, आणि बेन्टोनाइट म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट. काळ्या मातीत जे विनामूल्य भरलेले आहे तेच पोत्यात भरून काकाजींना विकले गेले होते.

दुकानदाराकडे चौकशी केली तेव्हा त्याच्याकडे माल वरून तसाच, तेच नाव छापून आलेला होता असे दिसले. त्याने न उघडलेली पोती परत घेतली.

गावोगाव हल्ली हातात धरावयाची यंत्रे घेऊनही काही मंडळी येतात, व माती जागेवरच तपासून देतो म्हणतात. तीही अशाच न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात. १,४०० नॅनोमीटरला पाणी व हायड्रॉक्सिल, १,९०० ला पाणी, २,२०० ला ॲल्युमिनियमवरील हायड्रॉक्सिल अशा खुणा त्यांत उमटतात. चिकणमातीचे प्रमाण, सेंद्रिय कर्ब यांचा अंदाज त्यांवरून चांगला येऊ शकतो. उपलब्ध स्फुरद व पालाश यांची मात्र या प्रकाशात स्वतःची अशी सरळ खूण नाही. यंत्रात आपल्या भागातील मातीचे, प्रयोगशाळेत तपासलेले पुरेसे नमुने आधी भरलेले असतील तरच त्यांचा अंदाज विचारात घ्यावा. यंत्र घेऊन येणाऱ्यास ग्रामकार्यकर्त्यांनी एवढे अवश्य विचारावे की वर्धा-हिंगणघाटच्या जमिनींचे किती नमुने यात आहेत. उत्तर मिळाले नाही तर नेहमीप्रमाणे शेतातील आठ-दहा जागांची माती व्ही आकाराचा खड्डा घेऊन गोळा करावी, चौथाई पद्धतीने अर्धा किलो उरवावी, आणि चिठ्ठीवर गट क्रमांक, मागील पीक व दिलेले खत लिहून प्रयोगशाळेत पाठवावी.

काकाजींनी एक पोते उघडले होते, ते परत गेले नाही. बेन्टोनाइट पाण्यात फुगून छिद्रे बुजविते, म्हणून गळक्या तळ्यांच्या तळाशी ते वापरतात, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते दाणे आपल्या शेततळ्याच्या झिरपणाऱ्या कोपऱ्यात मातीत मिसळून चोपून बसविले. पाऊस संपल्यावर तेथे पूर्वीपेक्षा अधिक दिवस पाणी राहिले असे ते म्हणतात. किती दिवस, ते यंदा काठी रोवून मोजावयाचे ठरले आहे. गोटा मात्र त्यांनी नेला नाही. तो कार्यालयाच्या खिडकीत आहे, आणि झिओलाइटचे पोते घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दाखविण्यात येतो.